साप्ताहिकवाल्याचा इतिहास

तालुक्याच्या गावी तीस-चाळीस वर्षं साप्ताहिक चालवलेला आणि उतारवयात आपल्या परगण्याचा इतिहास लिहून काढलेला संपादक वारला, की त्याच्यावर दोन लेख हमखास येतात. पहिला लगेच येतो. त्यात तो 'चालताबोलता ज्ञानकोश' असतो, 'आमच्या भागाचा राजवाडे' (म्हणजे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या तोडीचा) असतो, आणि नगरपालिकेने एखाद्या चौकाला त्याचं नाव द्यावं अशी मागणी असते. दुसरा थोड्या दिवसांनी येतो, बहुधा महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या कुणाचा तरी. गृहस्थ सज्जन होते, पण इतिहासकार नव्हते. पुस्तकाला तळटिपा नाहीत, संदर्भसूची नाही, 'जुनेजाणते सांगतात' यापलीकडे पुरावा नाही, असा त्याचा सूर. मग पहिल्या बाजूला हा गावाचा अपमान वाटतो, आणि दुसऱ्या बाजूला तो संताप म्हणजेच आपल्या मुद्द्याची पावती वाटते. भांडण होतं ते त्याच्या पुस्तकावरून. साप्ताहिकाच्या अंकांचं नाव कुणी काढत नाही.

माझ्या मते वाद फसतो तो इथेच. त्या माणसाला इतिहासकार म्हणावं की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्याने मागे ठेवलेली खरी चीज म्हणजे दर आठवड्याला तारीख घालून छापलेले अंक आणि ते भरताना जमलेले कागद. पुस्तक हे त्या साहित्यावर त्यानेच केलेलं एक भाष्य. बरं असेल, वाईट असेल. त्याच्या पुस्तकातलं खरं-खोटं पडताळायचं साधनही त्यानेच छापून ठेवलेलं असतं. विद्यापीठातल्या किती इतिहासकारांबद्दल असं म्हणता येईल?

पदवीचा मुद्दा आधी हातावेगळा करू. मराठ्यांचा पहिला सलग इंग्रजी इतिहास १८२६ साली तीन खंडांत छापणारा ग्रँट डफ हा साताऱ्यात कंपनी सरकारचं काम पाहिलेला लष्करी अधिकारी होता. त्याच्यावर मराठीतून झडझडून टीका करणारे नीलकंठ जनार्दन कीर्तने तेव्हा ऐन तरुण होते. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर संपादकपण सांभाळून ताम्रपट वाचत. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत आणि उरलेल्या वेळात पटवर्धन सरदारांचं दप्तर, म्हणजे जुने कागद, उलगडत. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, त्याआधी ते 'भाषांतर' नावाचं मासिक चालवत होते. विद्यापीठात इतिहास शिकवून पोट भरणारा यांत एकही नाही. तेव्हा 'तो तर पेपरवाला' हा आक्षेप मराठीत तरी कुणी घेऊ नये.

पण ही नामावळी आपल्याकडे जरा जास्तच स्वस्त झाली आहे. कुणाही हौशी लेखकाची चूक दाखवली की लगेच राजवाड्यांचं नाव पुढे येतं. राजवाड्यांनी नेमकं काय केलं होतं? त्यांनी मूळ पत्रं छापली. पानिपतच्या काळातला कागद वाचकासमोर जसाच्या तसा ठेवला आणि वर आपली लांबलचक प्रस्तावना जोडली. ती प्रस्तावना पटली नाही, तर त्याच खंडातली पत्रं वाचून वाचकाला भांडता येत होतं, आणि लोक भांडलेही. राजवाड्यांची कितीतरी अनुमानं पुढे टिकली नाहीत. छापलेली पत्रं टिकली. 'आमच्या भागाचा राजवाडे' म्हणायचं तर आधी विचारावं लागेल, की यांनी छापलेली पत्रं कुठे आहेत? उत्तर बहुतेक वेळा अडचणीचं असतं.

तरी राजवाड्यांपेक्षा आपल्या संपादकाला जवळचा पूर्वज आहे, आणि त्याचं नाव या वादात क्वचितच निघतं. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस, १८७० ते १९२६. विद्यार्थी असतानाच त्यांनी 'महाराष्ट्र कोकिळ' मासिक काढलं, म्हणजे माणूस मुळात नियतकालिकवाला. पुढे 'भारतवर्ष', मग १९०८ पासून 'इतिहाससंग्रह'. मधल्या काळात, १८९४ साली, झाशीच्या राणीचं चरित्र. नाना फडणविसांचं मेणवलीचं दप्तर त्यांच्या हाती आलं. अंकाला मजकूर हवा म्हणून कागद शोधायचे आणि कागद मिळाले म्हणून पुढचा अंक काढायचा, ही मासिकवाल्याची रीत त्यांच्या सगळ्या उद्योगात दिसते. त्यांच्यावरचे आक्षेपही आजच्या साप्ताहिकवाल्यावर घेतात तेच होते: सत्तेच्या मर्जीतला माणूस, कागद जमवून आपल्याकडे ठेवणारा. पहिला आक्षेप त्यांना नाकारताही आला नसता. ते सरकारचे रावबहादूर होते आणि सनदी नोकर किंकेड यांच्या जोडीने त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला.

पारसनिसांची मतं जाणून घ्यायला आज त्यांना कोण वाचतं? फार थोडे. पण त्यांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला आणि तिथे पिढ्यान् पिढ्या अभ्यासकांच्या कामी पडला. रावबहादुरी पुसली गेली, कागद उरले. साताऱ्याचा ठेवा पुण्याला गेला याचं वाईट वाटावं हे खरंच, आणि जिल्ह्याच्या गावांची ही जुनी तक्रार रास्तही आहे. मात्र पुण्याला गेला म्हणून हाती आहे, हेही तितकंच खरं.

आता आजच्या संपादकाकडे येऊ, कारण विरोधकांचे भक्कम मुद्दे तिथे आहेत आणि ते झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पहिला मुद्दा पुराव्याचा. गावोगावच्या या इतिहासांत पांडव मुक्कामाला असतातच. शिवाजी महाराजांचा घोडा गावच्या ओढ्यावर पाणी प्यालेला असतो. देशमुखांच्या सनदेचा उल्लेख येतो, पण सनद कुणाकडे आहे, तिच्यावर शिक्का कुणाचा, तारीख कोणत्या कालगणनेतली, यावर अवाक्षर नसतं. हे सगळं मान्य. अशी पुस्तकं प्रबंधांच्या संदर्भसूचीत जाऊन बसतात आणि दंतकथेला विद्यापीठाचा शिक्का मिळतो, हे तर जास्तच वाईट. पण त्या दुसऱ्या पापाचा धनी कोण? न तपासता उद्धृत करणारा मार्गदर्शक आणि त्याचा विद्यार्थी, की तो संपादक? आणि याच पुस्तकात साधारण १९५० नंतरचा भाग सुरू झाला की लेखकाचा सूर बदलतो, हे किती टीकाकारांनी पाहिलंय? तिथे पांडव नसतात. तिथे धरणाची भूसंपादनाची नोटीस असते, साखर कारखान्याच्या पहिल्या सभेला कोण हजर आणि कोण रुसून घरी, याची नोंद असते, कोयनेचा ११ डिसेंबर १९६७चा भूकंप असतो, १९७२चा दुष्काळ असतो. या काळाचा तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदार म्हणून त्याची उलटतपासणी करायची सोयही आहे.

ती कशी, हे एका उदाहरणाने सांगतो. गावाचं आणि माणसाचं नाव घेत नाही. अशाच एका संपादकाच्या पुस्तकात दुष्काळावर एक प्रकरण आहे. भाषा भरजरी, 'सारा तालुका एका कुटुंबासारखा उभा राहिला' वगैरे. त्याच संपादकाच्या साप्ताहिकाची त्या वर्षाची बांधीव फाइल मी पाहिली आहे. चारपानी अंक, खिळे झिजलेले, 'ष' कुठे उमटलाय कुठे नाही. पहिल्या पानावर पालकमंत्र्यांचा दौरा. आत, दोन स्तंभांच्या मधे कोंबलेली बातमी: पाझर तलावाच्या कामावर मुकादमाने मस्टरवर (हजेरीपटावर) खोटे अंगठे उठवले, बायकांनी तहसील कचेरीवर मोर्चा नेला. पुढच्या एका अंकात मिलोची (आयात ज्वारीची) पोती रेशन दुकानातून रातोरात हलवल्याची तक्रार. आणखी एका अंकात, लहान पोरांसाठी आलेली सुकडी एका वस्तीपर्यंत पोचलीच नाही, असं वाचकाचं पत्र. खाली सही नाही, नुसतं 'एक ग्रामस्थ'. शेवटच्या पानावर जाहीर नोटिसांची रांग: अमुक गटातली जमीन तमुक इसम खरेदी घेत आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी. दुष्काळाच्या वर्षात ती रांग लांबत गेली होती. दुष्काळात जमिनी कुणी विकल्या आणि कुणी घेतल्या, त्याचा हा कच्चा तक्ताच की! पुस्तकात यातलं काहीही नाही. पंचवीस वर्षांनी लिहिताना संपादक मऊ झाला, किंवा मोर्चातल्या बायका विसरला, किंवा त्याच मुकादमाचा मुलगा आता प्रकाशन समारंभाच्या व्यासपीठावर होता. कारण काहीही असो, पुस्तक खोटं पाडणारा पुरावा त्याच हाताने, त्याच गावात, तारीखवार छापून ठेवला आहे. पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढता येते. मागच्या आठवड्याच्या अंकाची काढता येत नाही.

दुसरा आक्षेप मिंधेपणाचा. साप्ताहिक वर्गणीवर चालत नाही. ते चालतं कारखान्याच्या वार्षिक सभेच्या जाहिरातीवर, बँकेच्या ताळेबंदावर, वाढदिवसाच्या शुभेच्छांवर आणि दिवाळी अंकावर. असा माणूस चेअरमनच्या घराण्याविषयी खरं काय लिहिणार? बरोबर आहे, बऱ्याचदा नाही लिहीत. या इतिहासांतलं एखादं प्रकरण गौरवग्रंथातून उचलून आणल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. पण हा निकष लावायचा तर सगळीकडे लावावा. ग्रँट डफ कंपनीचा पगारी होता. मुंबई इलाख्याची गॅझेटियरं सरकारी होती; साताऱ्याचा खंड १८८५ साली निघाला आणि आजही जिल्ह्यावर लिहिणारा प्रत्येक जण त्याच्याच खांद्यावर उभा असतो. बखरी तर धन्याच्या सांगण्यावरून लिहिल्या गेल्या. म्हणून आपण त्या फेकून दिल्या का? लिहिणारा कुणाचं मीठ खातो हे आधी समजून घ्यायचं आणि मग वाचायचं, एवढी शिस्त आपण बखरींच्या बाबतीत शिकलो. साप्ताहिकवाल्याला तोच न्याय द्यायला काय हरकत आहे? उलट त्याच्या बाबतीत ते सोपं आहे. तो कुणाचं मीठ खात होता, हे त्याच्याच अंकात पान चारवर चौकटीत छापलेलं असतं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: त्याने न लिहिलेल्या गोष्टींचा. प्रदेशाचा अभिमान हा या लेखनाचा प्राण, आणि तोच त्याचा आंधळेपणाही. इथे लहान माणसाआड न लपता मोठ्या माणसाचं उदाहरण घेतो. अनंत भालेराव हे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते, 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक, आणि त्या संग्रामाच्या इतिहासावरच्या मोठ्या ग्रंथाचे कर्ते. पत्रकार प्रादेशिक इतिहासकार कसा होतो, याचं मराठीतलं याहून ठळक उदाहरण मला दिसत नाही. त्यांच्या गद्याला धार होती आणि निजामी राजवटीतल्या माणसाची घुसमट त्यांनी आतून ओळखलेली होती. आणि तरीही, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला, मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, त्या काळात 'मराठवाडा'ची भूमिका नामांतराच्या विरोधात होती. प्रदेशाच्या अस्मितेची लढाई लढलेल्या माणसाला त्याच प्रदेशातल्या दुसऱ्या अस्मितेची हाक आपली वाटली नाही. नामविस्तार, म्हणजे जुनं नाव ठेवून बाबासाहेबांचं नाव जोडणं, व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

हे सगळं मान्य करूनही मी विचारतो, की ही मर्यादा आज आपण इतक्या नेमकेपणाने कशाच्या आधारावर सांगतो? त्या दैनिकाच्या अंकांच्या आधारावर. भूमिका छापील होती म्हणून तिच्याशी वाद घालता येतो. याच्या उलट बाजू पाहा. सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय सैन्याने हैदराबाद ताब्यात घेतलं, त्या 'पोलीस कारवाई'नंतर संस्थानात मुसलमानांची मोठी कत्तल झाली. उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत होते. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने पाहणी करून सरकारला अहवाल दिला आणि सरकारने तो कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. स्थानिक इतिहासांत या प्रकरणावर मौन आहे, ही तक्रार खरी. पण दिल्लीच्या कपाटातलं मौन त्याहून मोठं होतं, आणि ते विद्यापीठांनाही फारसं खुपलं नाही. लपवाछपवीचा मक्ता तालुक्याच्या संपादकाकडे नाही.

शिवाय मौन मोडणारेही बहुतेकदा छोटे संपादकच असतात. नेवासा तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातल्या मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' हे सत्यशोधक चळवळीचं पत्र सुरू केलं आणि अर्धशतकाहून अधिक काळ चालवलं. शहरातल्या पत्रांनी सत्यशोधकांना एक तर हसण्यावारी नेलं किंवा शिव्या दिल्या. ग्रामीण सत्यशोधक चळवळीचा शोध घेताना गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या अभ्यासकांना 'दीनमित्र'चे अंकच उघडावे लागले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मधला, आणि त्याच एप्रिलमध्ये बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' काढला. महाडच्या संघर्षाची आतली बाजू आज ज्या तपशिलाने सांगता येते, त्यात या पाक्षिकाचा वाटा मोठा आहे. ते अंक पुढे महाराष्ट्र शासनाने पुन्हा छापले म्हणून कुणाही विद्यार्थ्याला मिळतात. 'दीनमित्र' रद्दीत गेला असता, तर मुकुंदराव इतिहासकार होते की नुसते संपादक, यावर चर्चा करायलाही काही उरलं नसतं.

इथवर वाचून गौरववाल्या मंडळींना बरं वाटलं असेल, तर त्यांच्याही दोन गोष्टी सांगायला हव्यात. स्थानिक इतिहासकाराच्या मागे जमणारं भक्तमंडळ त्याच्या कामाचं टीकाकारांपेक्षा जास्त नुकसान करतं. पुस्तकात दाखवलेली चूक म्हणजे बदनामी, असं ते धरून चालतं. शताब्दी समिती होते, पुतळ्याची वर्गणी निघते, स्मृतिग्रंथ निघतो. पण मूळ पुस्तकाची चुकांसह, टिपा जोडून, नावांची सूची देऊन नवी आवृत्ती काढायचं कुणाच्या मनात येत नाही. त्याला कागद दाखवणारी घराणी आता तोच कागद दुसऱ्याला दाखवत नाहीत, कारण 'ते सगळं अण्णांनी लिहिलंय'. जणू अण्णांनी एकदा पाहिला म्हणजे कागद संपला! पुण्यात पेशवे दप्तर, म्हणजे पेशवाईतले सरकारी कागद, हेही असंच बंदिस्त होतं. तेव्हा परकं सरकार दार अडवून बसलं होतं. इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले, आणि तेही निवडलेच कसे, यावर पुण्यातल्या संशोधकांनी रान उठवलं. ती भांडणं कडवट होती, काही वैयक्तिकही होती. पण भांडण कागदावरून होतं. आज आपण आडनावावरून आणि गावावरून भांडतो, आणि कागद तिऱ्हाईताच्या हाती पडू नये यासाठी दोन्ही बाजू एक होतात.

कायदा काय म्हणतो? १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. १९५६च्या दुरुस्तीने वर्तमानपत्रंही त्यात आली. पण पोस्टाचं तिकीट जपून लावणाऱ्या साप्ताहिकवाल्यांपैकी कितींनी चार ठिकाणी प्रत्येक अंक धाडला असेल? व्यवहारात पूर्ण फाइल एकाच जागी असते, संपादकाच्या घरी. दुसरी असलीच तर गावच्या सार्वजनिक वाचनालयात, आणि तिथे जागा कमी पडली की निर्लेखनाच्या (काढून टाकायच्या) यादीत जुने अंक पहिले जातात. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना वर्गवारीने अनुदान मिळतं, पण तपासणीला येणारा अधिकारी वर्षभरात किती पुस्तकं वाढली ते पाहतो. साप्ताहिकाची बांधीव फाइल जपली म्हणून वर्ग 'ब'चा 'अ' झाल्याचं मी ऐकलेलं नाही. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त. तो पिवळा पडतो, मग घडीवर तुटतो, मग हातात चुरा येतो. थांबायला सवड नाही.

म्हणून चौकाला नाव देण्याआधी करायचं काम कोरडं आहे. तालुक्यातल्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने फायलींची छायाचित्रं काढावीत. यासाठी आता चांगला फोन आणि दोन चिकाटीची पोरं पुरतात. विद्यापीठाने एका तरी विद्यार्थ्याला असा विषय द्यावा, की एका साप्ताहिकवाल्याचं पुस्तक आणि त्याचेच अंक शेजारी ठेवून दोन्ही तपासायचे. काय गळलं, काय घातलं, का घातलं? त्या माणसाला लोकांनी लिहिलेली पत्रं, त्याच्या टिपणवह्या, पंचांगाच्या मागे खरडलेल्या मुलाखती, हेही त्यातच आलं. 'तळटिपा नाहीत' म्हणणाऱ्यांना त्या तळटिपा बहुधा तिथेच सापडतील.

आणि हे माणूस हयात असतानाच उरकायला हवं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचा स्वामित्वहक्क वारसांकडे राहतो. तीन मुलं तीन शहरांत असली आणि त्यातल्या दोघांचं बोलणं बंद असलं, की एका परवानगीसाठी संशोधकाची उमेद संपते. सत्काराच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर एक साधा कागदही पुढे ठेवावा: माझे अंक, वह्या आणि पत्रव्यवहार मी अमुक ग्रंथालयाला देत आहे, त्यांच्या प्रती काढायला, त्या छापायला आणि त्यांवर टीका करायला कुणालाही मुभा आहे. टीकेला अशा परवानगीची कायद्याने गरज नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढे कधी शताब्दी समितीचा अध्यक्ष कपाटाची किल्ली देईना, तर त्याला वाचून दाखवायला ती ओळ त्या कागदावर असलेली बरी.